खुर्चीआधीची माणसे
(पदग्रहण सोहळा स्मरणिका : संस्थेचा इतिहास)

मुंबईत भायखळ्याला उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात ‘खडा पारशी’ उभा आहे. उंच ओतीव लोखंडी चौथरा, त्याच्या अंगाला चार जलकन्या आणि माथ्यावर अंगरखा-पगडीतले एक पारशी गृहस्थ. बसचा कंडक्टर थांब्याचे नाव म्हणून रोज तो पुकारतो, पण हे गृहस्थ कोण, असे विचारले तर सांगणारा विरळा. हा पुतळा शेठ करसेटजी माणेकजींचा. तो उभारला त्यांचे चिरंजीव माणेकजी करसेटजी यांनी. आमच्या संस्थेच्या इतिहासात महत्त्व आहे ते पुतळ्यातल्या वडिलांना नव्हे, पुतळा उभारणाऱ्या मुलाला. पश्चिम भारतात हिंदी माणसासाठी फ्रीमेसनरीचे दार उघडले, कारण हा मनुष्य ते ठोठावायचे थांबला नाही.

स्मरणिका समितीने संस्थेचा नवा प्रमुख, म्हणजे मास्टर, म्हणून माझ्याकडे ‘नूतन मास्टरांचे मनोगत’ मागितले होते. मनोगतात काय असते ते सर्वांना ठाऊक आहे: आभार, आश्वासने आणि शेवटी सहकार्याची अपेक्षा. आभार मलाही मानायचेच आहेत. पण ते कोणाचे, हे सांगायचे तर दीडशे-दोनशे वर्षे मागे जावे लागते. म्हणून मनोगताची पाने समितीने इतिहासाला द्यावीत अशी विनंती केली आणि समितीने ती मान्य केली.

मूळ कथा थोडक्यात. युरोपात दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यांच्या संघटना होत्या, त्यांना ‘लॉज’ म्हणत. त्यांत हळूहळू गवंडीकाम न करणारे लोक सभासद म्हणून शिरले आणि गवंड्याची हत्यारे सदाचाराची प्रतीके झाली; हीच फ्रीमेसनरी. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एका मद्यगृहात एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापन केली, असे परंपरा सांगते. तिथून ही चळवळ कंपनी सरकारच्या जहाजांतून आणि पलटणींतून पसरली. १७३० च्या आसपास कलकत्ता, १७५२ मध्ये मद्रास, १७५८ मध्ये मुंबई. लॉजमध्ये कोण होते? कंपनीचे अधिकारी, लष्करातले कप्तान, डॉक्टर, व्यापारी. सगळे गोरे. अर्काटच्या नवाबाचे पुत्र उमदत-उल-उमरा यांना अठराव्या शतकात त्रिचनापल्लीला दीक्षा मिळाली खरी. पण ते राजपुत्र होते, आणि राजपुत्रासाठी केलेला अपवाद सामान्यांच्या उपयोगी पडत नाही. ‘सर्व माणसे भाऊ’ असे शिकवणारी संस्था इथल्या माणसाला कित्येक दशके उंबऱ्याबाहेर ठेवत होती. हे लिहायला जड जाते, पण वगळले तर इतिहास खोटा होईल.

माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) हे गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत, म्हणजे आजच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिकमध्ये, १८४० साली पहिला हिंदी सदस्य म्हणून ते शिरले, आणि तेही सहजासहजी नव्हे. पुढे ते मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात न्यायाधीश झाले. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी खटपट करून १८६३ मध्ये अलेक्झांड्रा शाळा काढली. स्वजातीतून विरोध झाला तरी ते मागे हटले नाहीत. अशा माणसाने मुंबईच्या लॉजमध्ये प्रवेश मागितला आणि त्याला नकार मिळाला.

हा नकार कसा मिळतो ते वाचकांना सांगायला हवे. लॉजमध्ये उमेदवाराच्या नावावर गुप्त मतदान होते. पेटीत पांढऱ्या किंवा काळ्या गोळ्या टाकतात. काळी गोळी निघाली की विषय संपला. कोणी टाकली आणि का टाकली हे विचारायचे नाही. ही पद्धत भांडण टाळण्यासाठी आहे असे आम्ही सांगतो, आणि एरवी ते खरेही आहे. पण पूर्वग्रहाला लपायला याहून सोयीची जागा दुसरी नसते.

माणेकजी युरोपच्या सफरीवर गेले आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फ्रेंच लॉजने त्यांना दीक्षा दिली. मुंबईच्या माणसाला मुंबईतल्या दिवाणखान्यात शिरण्यासाठी पॅरिसवरून वळसा घालावा लागला! परतल्यावर आता ते उमेदवार उरले नव्हते, रीतसर फ्रीमेसन होते. तरीही जुन्या लॉजमध्ये त्यांना जागा द्यायला काही बंधू तयार नव्हते. मात्र लाज वाटणारेही काही होते, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले डॉ. जेम्स बर्न्स.

बर्न्स हे स्कॉटलंडमधल्या माँट्रोझचे. जन्म १८०१ चा. पेशाने कंपनी सरकारचे डॉक्टर. सिंधच्या अमिरांच्या दरबारी उपचारासाठी गेले होते आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. त्यांचे धाकटे भाऊ अलेक्झांडर बर्न्स १८४१ मध्ये काबुलात मारले गेले. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स हे त्यांच्या कुळातले, आणि तेही फ्रीमेसन. १८३६ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने पश्चिम भारताचे प्रांतिक प्रमुखपद डॉ. बर्न्स यांना दिले. काबुलात सख्खा भाऊ गमावलेला हा माणूस दोनच वर्षांनी मुंबईत इथल्या लोकांसाठी स्वतंत्र लॉज काढायला पुढे होतो, हे मला फार मोठे वाटते. 

१५ डिसेंबर १८४३ रोजी ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. स्कॉटिश सनदेचा क्रमांक ३४२. पारशी आणि मुसलमान सभासद पहिल्यापासून आले. गोऱ्या बंधूंनी आपली जुनी लॉज सोडून इथे येऊन बसावे, शिकवावे, विधी नीट करून घ्यावा, अशी व्यवस्था झाली. ही स्वतंत्र लॉज म्हणजे वेगळी पंगत नव्हती काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि त्याने तो विचारावाच. सुरुवातीला ती वेगळी पंगतच होती. पण या पंगतीत वाढपीही आपले झाले आणि यजमानही आपले झाले. काही वर्षांतच हिंदी माणूस मास्टरच्या खुर्चीवर बसू लागला. एकदा तो तिथे बसला की त्याच्यासमोर उभे राहून त्याला मान देणे गोऱ्या बंधूलाही भाग होते. नियमच तसा आहे.

हिंदूंच्या बाबतीत वाद आणखी लांबला. फ्रीमेसन होण्यासाठी एका परमेश्वरावर श्रद्धा हवी ही अट. हिंदू तर अनेक देव मानतात, मग त्यांना कसे घ्यायचे, असा युक्तिवाद कलकत्त्यात चालला. प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि १८७२ मध्ये ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. नऊ वर्षे पत्रव्यवहार, अपिले, नकार आणि पुन्हा अर्ज. ज्ञानेश्वर-तुकाराम ज्याच्या कानावर आहेत अशा मराठी माणसाला एकेश्वराचा हा पेच हास्यास्पद वाटेल; पण त्या नऊ वर्षांत दत्तबाबूंना हसू आले असेल असे वाटत नाही. त्याच लॉजमध्ये १९ फेब्रुवारी १८८४ रोजी नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. पुढे जगाने त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले. आज भारतातल्या लॉजमध्ये वेदीवर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरुग्रंथसाहिब असे ग्रंथ शेजारी शेजारी उघडून ठेवतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची असते. जगात फार थोड्या ठिकाणी असे दृश्य दिसते. प्रसन्नकुमारांची नऊ वर्षे त्या वेदीखाली आहेत.

रायझिंग स्टारच्या परिवारातले सर्वांत आदरणीय नाव खरशेदजी रुस्तमजी कामा यांचे. दादाभाई नौरोजींचे सहकारी, ‘रास्त गोफ्तार’ या वृत्तपत्राच्या उभारणीतले साथी. व्यापारासाठी युरोपात गेले आणि जर्मनीत बसून अवेस्ता शिकून आले. मुंबईत त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संस्था आहे ती त्यांच्या पश्चात, १९१६ मध्ये, स्थापन झाली. कामा १८५४ मध्ये फ्रीमेसन झाले. त्यांच्या सभासदत्वाला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याबद्दल बंधूंनी पुतळा उभारला नाही की थैली दिली नाही. त्यांनी ग्रंथ काढला. ‘के. आर. कामा मॅसॉनिक ज्युबिली व्हॉल्यूम’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. संपादक होते जीवनजी जमशेदजी मोदी. कामा लॉजमध्ये आले त्याच वर्षी, १८५४ मध्ये, मोदींचा जन्म झाला होता. म्हणजे संपादकाच्या वयाइतके सत्कारमूर्तींचे सभासदत्व! या ग्रंथात कामांची स्तुती कमी आणि फ्रीमेसनरीच्या विषयांवरचे अभ्यासलेख जास्त आहेत. त्यांना ते तसेच आवडले असते. आमच्याकडे स्मरणिका म्हटले की जाहिराती, शुभेच्छापत्रे आणि पाहुण्यांचे रंगीत फोटो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या बंधूंनी स्मरणिका कशी असावी याचा नमुना घालून दिला आहे. ही स्मरणिका त्याच्या जवळपासही जात नाही, याची मला आणि समितीला पूर्ण कल्पना आहे.

आता खुर्चीविषयी. लॉजचा मास्टर दरवर्षी निवडला जातो. त्याने आधी वॉर्डन म्हणून काम केलेले असले पाहिजे. थेट वर चढता येत नाही. मास्टर पूर्वेला बसतो, सीनियर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला. मध्ये काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. मास्टरच्या गळ्यातल्या पट्ट्याला गुण्या लटकतो, सीनियर वॉर्डनच्या पट्ट्याला पाणसळ आणि ज्युनियर वॉर्डनच्या पट्ट्याला ओळंबा. आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याच्या पिशवीत ही तिन्ही हत्यारे सापडतील. भिंत काटकोनात आहे का, थर समपातळीत आहे का, उभारणी सरळ आहे का, एवढेच त्यांना कळते आणि तेवढेच त्यांना विचारायचे. पहिल्या रात्रीच्या दीक्षितापासून ते सर्वांत ज्येष्ठ बंधूपर्यंत प्रत्येकाच्या कमरेला एप्रन असते. दीक्षिताचे एप्रन कोकराच्या पांढऱ्या कातड्याचे, साधे. तेच सर्वांत मानाचे, असे त्याला सांगितले जाते.

पदग्रहणाच्या दिवशी मावळता मास्टर, किंवा त्याने बोलावलेला ज्येष्ठ बंधू, नव्याला खुर्चीजवळ नेतो. जुने नियम एकेक करून वाचून दाखवले जातात आणि नव्याने प्रत्येकाला होकार द्यायचा असतो. मग काही भाग फक्त पूर्वी त्या खुर्चीवर बसलेल्यांसमोर होतो. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर लॉजची सनद नव्याच्या हाती देतात. ती त्याच्या मालकीची होत नाही. वर्षभर सांभाळायची आणि जशी मिळाली तशीच, किंवा असलीच तर थोडी अधिक उजळलेली, पुढच्याच्या हाती द्यायची. मग हातोडी. हातोडीचा एक ठोका पडला की सगळी लॉज शांत होते. सत्तेची ही खूण भलतीच मोहक आहे. म्हणूनच मावळत्या मास्टरची जागा नव्याच्या डाव्या हाताला, अगदी लगत असते. चूक झाली तर कानात सांगायला माणूस शेजारी हवा. वर्षानंतर नवा मास्टरही तिथेच सरकतो. काल ज्याच्या हातोडीला सारे गप्प बसत, तो आज शेजारच्या खुर्चीवरून कानात सुचवण्यापुरता उरतो. राजकारणात आणि साखर कारखान्यांत ही पद्धत आणली तर काय होईल, याचा विचार करून पाहावा.

कृतज्ञता हा शब्द अशा प्रसंगी फार स्वस्त झाला आहे. माझ्यापुरता मी त्याला एकच अर्थ देतो. ज्या खुर्चीवर बसायचे ती आपल्या लायकीने मिळाली असे समजायचे नाही. माणेकजींना नाकारले गेले, दत्तबाबूंनी नऊ वर्षे काढली, बर्न्ससारख्या परक्याने आपल्याच लोकांची नाराजी ओढवून घेतली. त्यानंतर कुठे माझ्यासारख्याच्या नावावर पेटीत पांढऱ्या गोळ्या पडल्या. या माणसांचे देणे आभाराच्या ठरावाने फिटत नाही. पुढचा अर्जदार दारात येईल तेव्हा त्याच्या जातीकडे, भाषेकडे, पगाराकडे न पाहता पांढरी गोळी टाकणे, एवढाच त्याच्या फेडीचा मार्ग मला दिसतो.

आमच्या भागातल्या, म्हणजे भैंशाच्या, वाचकाला मुंबई-कलकत्त्याची ही कथा दूरची वाटेल. तेव्हा जवळचे सांगतो. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता आणि तिथली फ्रीमेसनरी हैदराबादेत वसली होती. कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याच्या काळातली गोशामहल बारादरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजाम सरकारने फ्रीमेसनांना दिली, आणि तिथे लॉज भरू लागल्या. सतराव्या शतकातली कुतुबशाही कमान आणि तिच्याखाली स्कॉटिश-इंग्रजी विधी, असा हा दख्खनी संगम आहे. आजही ती वास्तू त्याच कामाला आहे. आसपासच्या लोकांत तिच्याविषयी भुताखेतांच्या कहाण्या चालत आल्या आहेत, आणि याला जबाबदार लोक नव्हेत, दारे लावून बसणारे आम्हीच आहोत.

भैंसा १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात नांदेड जिल्हा मुंबई राज्याला देताना मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन मंडळे नावे घेऊन वगळली. त्यांची रवानगी आदिलाबादेत झाली. किनवट आणि राजुरा मात्र आदिलाबादेतून मराठी मुलखात आले. पुढे आंध्र, मग तेलंगणा, आणि २०१६ पासून निर्मल जिल्हा. कागद बदलत गेले, घरातली भाषा आणि धर्माबादचा बाजार बदलला नाही. ही वाटणी आमच्या संस्थेतही उतरली आहे. भारताच्या ग्रँड लॉजचे चार विभाग आहेत. नांदेडचा माणूस पश्चिम विभागात, म्हणजे मुंबईकडे. भैंशाचा माणूस दक्षिण विभागात, म्हणजे चेन्नईकडे. एकाच बाजारपेठेतले दोन बंधू दोन दिशांना पत्रे पाठवतात. सुदैवाने विधी दोन्हीकडे एकच आहे.

ही ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झाली. त्याआधी भारतातल्या लॉज इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या सनदांवर चालत. तिघांनी मिळून नव्या ग्रँड लॉजला मान्यता दिली आणि रामपूरचे नवाब सर सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. कोणावर सक्ती केली नाही. ज्या लॉजना जुन्या सनदेखाली राहायचे होते त्या राहिल्या, आणि आजही त्यांच्याशी आमचे येणेजाणे आहे. सीमेपलीकडे वेगळे घडले. पाकिस्तानात १९७२ मध्ये फ्रीमेसनरीवर बंदी आली आणि वास्तू सरकारजमा झाल्या. लाहोरच्या ज्या लॉजमध्ये मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८८६ मध्ये दीक्षा घेतली, त्या परंपरेचाही तिथे शेवट झाला. पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारने १९३५ मध्येच कायदा करून गुप्त संस्था बंद केल्या होत्या. लोकशाही नसेल तिथे दार लावून बसणाऱ्या माणसांना सहसा कोणी टिकू देत नाही.

एक गोष्ट मात्र अजून व्हायची आहे. आमच्या लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. ॲनी बेझंट यांनाही इंग्लंडच्या लॉजमध्ये तो नव्हता. त्यांनी १९०२ मध्ये पॅरिसला जाऊन ‘द्र्वा ह्युमें’ या स्त्री-पुरुषांच्या संयुक्त संस्थेची दीक्षा घेतली आणि ती चळवळ भारतात आणली. लोकमान्यांच्या होमरूल लीगबरोबर १९१६ मध्ये आपली लीग उभारणाऱ्या त्याच ॲनीबाई. माणेकजींना पॅरिस, ॲनीबाईंनाही पॅरिस. ज्या दारावर आपण ‘बंधुत्व’ असे लिहितो ते दोनदा परक्या गावातून उघडावे लागले. स्त्रियांच्या प्रवेशाचा निर्णय एका लॉजच्या हाती नाही हे मला ठाऊक आहे. पण लॉजमध्ये त्यावर चर्चा करायला कोणाची मनाई नाही.

शेवटी एक विनंती. निजामाच्या काळात भैंसा, मुधोळ, बासर, धर्माबाद या भागातून नोकरी, वकिली किंवा व्यापारासाठी हैदराबादला गेलेल्या कुटुंबांत लॉजची जुनी निमंत्रणपत्रे, पावत्या, एप्रन, पदके किंवा समूहछायाचित्रे असण्याची शक्यता आहे. मोडी, उर्दू, तेलुगू, इंग्रजी, कुठल्याही लिपीतली असोत. मूळ वस्तू आम्हाला नको. छायाप्रत काढून वस्तू त्याच दिवशी परत केली जाईल. असे साहित्य हाती आले तर पुढच्या स्मरणिकेत आमच्या भागाचा इतिहास आमच्याच भागाच्या पुराव्यानिशी लिहिता येईल. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी स्मरणिका समितीशी संपर्क साधावा.